निरोप आणि नस्ती

कचेरीतल्या निरोप समारंभाला एक ठरलेली लय असते. दुपारी चारच्या सुमारास टेबले भिंतीकडे सरकवली जातात, खुर्च्या ओळीने मांडल्या जातात, शाल आणि श्रीफळ दिले जाते. निवृत्त होणाऱ्याच्या हातून किती बिकट प्रकरणे मार्गी लागली हे वरिष्ठ सांगतात, त्याच्या स्वभावातली एखादी लकब बरोबरीचा सहकारी सांगतो, आणि सत्काराला उत्तर देताना त्या माणसाचा आवाज एखाद्या साध्याच वाक्यापाशी अडखळतो. खरा निरोप मात्र त्यानंतरच्या सोमवारी सुरू होतो. त्याच्या जागी आलेल्या माणसाला एक जुना करार हवा असतो. करार सापडतो, पण त्यातील एक अट ऐन वेळी का बदलली, कोणाच्या आग्रहावरून बदलली आणि त्या बदलाला कोणी हरकत घेतली होती, हे कोठेच सापडत नाही. ते सारे लिहिले गेले होते, चांगले तपशीलवार लिहिले गेले होते. पण ते निवृत्त माणसाच्या ई-मेलमध्ये होते, आणि त्याचे खाते नियमानुसार बंद झालेले असते. मग दूरध्वनी जातो. निवृत्त माणूस आठवून आठवून सांगतो. पहिल्या महिन्यात आनंदाने, दुसऱ्या महिन्यात थोडे सावधपणे. पुढे त्यालाही आठवेनासे होते.

मराठीत 'निरोप' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एकाने दुसऱ्याला कळवायची गोष्ट म्हणजे निरोप, आणि जाणाऱ्याचा घ्यायचा तोही निरोपच. ई-मेलला प्रतिशब्द शोधताना मराठी संकेतस्थळांवरील काही मंडळींनी विजेची आणि निरोपाची सांगड घालून 'विरोप' असा शब्द घडवला होता. तो सर्वत्र रुळला नाही. पण तो घडवणाऱ्यांच्या कदाचित मनातही नसलेला एक अर्थ त्यात दडलेला आहे. माणूस कचेरीचा निरोप घेतो तेव्हा त्याला आलेले आणि त्याने धाडलेले सारे निरोपही त्याच्यासोबत निघून जातात.

कामाच्या ठिकाणी ई-मेलवरचे अवलंबन कमी करावे आणि त्याऐवजी अनेकांनी एकत्र लिहिण्या-वाचण्याची सामाईक साधने वापरावीत, असा विचार गेल्या पंचवीस वर्षांत जगभर मांडला गेला. तो मांडणाऱ्यांची भाषा बहुतेक वेळा वेळेच्या बचतीची होती: किती निरोप येतात, ते वाचण्यात किती तास जातात, त्यांतले किती निरुपयोगी असतात. हा हिशेब खोटा नाही. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाला या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसण्यासारखी आहे. कचेरीने आपले सारे लेखन एकाच लेखनप्रकारात, म्हणजे पत्रात, कोंबले. आणि जो आशय पत्राचा नव्हता तोही पत्ररूपात वावरू लागला. ई-मेलचा उपद्रव हा मुळात प्रकाराच्या या गल्लतीतून आलेला आहे.

पत्र हा प्रकार 'कोणास' या प्रश्नावर उभा असतो. मायन्याशिवाय पत्र नाही. ई-मेलच्या जन्मकथेतही हेच दिसते. १९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत काम करणाऱ्या रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जालमार्गे पहिला निरोप पाठवला. दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारी-शेजारी होते. त्या निरोपात काय लिहिले होते हे टॉमलिन्सन यांना पुढे आठवत नव्हते. चाचणीसाठी टंकलेली कसलीशी निरर्थक अक्षरे असावीत, असे ते सांगत. मजकूर विसरला गेला आणि पत्ता टिकला. माणसाचे नाव आणि त्याच्या यंत्राचे नाव यांच्यामध्ये त्यांनी 'अ‍ॅट'चे जे चिन्ह घातले, ते आज लहान मुलालाही ओळखता येते.

या पत्राला जोडून आलेली 'सीसी' ही दोन अक्षरे म्हणजे कार्बन कागदाची आठवण. टंकलेखन यंत्रात एका वेळी चार-पाच कागद घालता येत आणि शेवटची प्रत इतकी पुसट येई, की ती ज्याच्या वाट्याला जाई त्याला खिडकीशी जाऊन वाचावी लागे. कागदाच्या या मर्यादेमुळे प्रत कोणाला द्यायची याचा विचार करावा लागत असे. ई-मेलने ती मर्यादा काढून टाकली. चाळीसावी प्रतही पहिलीइतकीच ठसठशीत उमटू लागली, आणि 'माहितीसाठी सादर' या शब्दांचा अर्थ हळूहळू बदलला. माहिती देणे हा त्यांचा हेतू मागे पडला. उद्या काही बिनसले तर 'आपणांस कळवले होते' असे म्हणता यावे, ही सोय पुढे आली. एका माणसाच्या सावधपणाचा भार अशा रीतीने चाळीस जणांच्या सकाळीवर पडू लागला.

तरीही निरोपांच्या संख्येपेक्षा मोठी हानी पाठांची झाली. एक मसुदा पाच जणांकडे जोडपत्र म्हणून जातो. पाचही जण आपापल्या प्रतीत दुरुस्त्या करतात, आणि मूळ लेखकाकडे पाच निरनिराळे पाठ परत येतात. त्यांची नावेही ठरलेली: अंतिम, अंतिम दोन, सुधारित अंतिम, आणि अखेर हताशपणे ठेवलेले 'खरोखर अंतिम'. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही अवस्था नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या हाताने उतरल्या गेल्या, लेखनिकांचे प्रमाद आणि हौशी लोकांच्या पदरच्या ओव्या तिच्यात शिरल्या, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांना पाठशुद्धीचे काम हाती घ्यावे लागले. यापुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये, असेही त्यांनी बजावले. ज्ञानेश्वरीचे पाठभेद साचायला सुमारे तीनशे वर्षे लागली होती. कचेरीतल्या मसुद्याला तेवढ्यासाठी एक दुपार पुरते. आणि तेथे एकनाथ कोणीच नसतो.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक प्रयत्न एकट्या माणसाने केला, म्हणून तो विशेष पाहण्यासारखा आहे. लुईस सुआरेझ हे आयबीएममध्ये काम करणारे स्पॅनिश गृहस्थ कॅनरी द्वीपसमूहातील ग्रान कानारिया या बेटावर राहत. त्यांचे सहकारी इतर देशांत विखुरलेले होते. म्हणजे ई-मेलची सर्वाधिक गरज असावी अशी त्यांची परिस्थिती. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी ठरवले, की कामाच्या बहुतेक निरोपांना यापुढे ई-मेलने उत्तर द्यायचे नाही. उत्तर द्यायचे नाही असे मात्र नव्हते. कोणी काही विचारले, की ते उत्तर सर्वांना वाचता येईल अशा सामाईक पानावर लिहीत आणि विचारणाऱ्याला त्या पानाकडे वळवीत. तोच प्रश्न निरनिराळे लोक निरनिराळ्या वेळी विचारतात, हे त्यामुळे उघडे पडले. आणि एकदा उत्तर उघड्यावर आल्यावर पुढचे विचारणारे आपसूक कमी झाले. काही काळातच त्यांचे टपाल दिवसागणिक मोजण्याऐवजी आठवड्यागणिक मोजता येऊ लागले. त्याच वर्षी त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आपला हा अनुभव लिहिला. दोघांपुरत्या, गोपनीय गोष्टींसाठी मात्र त्यांनी ई-मेल ठेवली होती, आणि त्यांच्या प्रयोगातला हा अपवाद त्यांच्या नियमाइतकाच महत्त्वाचा आहे.

सुआरेझ यांनी केलेला बदल वरवर पाहता साधनाचा आहे. वस्तुतः तो संबोधनाचा आहे. पत्र माणसाला उद्देशून लिहिले जाते, पान विषयाला धरून लिहिले जाते. पत्राचा वाचक लिहिताना ठाऊक असतो. पानाचा वाचक पाच वर्षांनी येणारा, आज शाळेत असणारा कोणी मुलगाही असू शकतो. अशा वाचकासाठी लिहायचे म्हणजे 'कालच्या फोनवर ठरल्याप्रमाणे' असे लिहून भागत नाही; काय ठरले आणि का ठरले ते सांगावे लागते. वाचक बदलला, की गद्य बदलते. साहित्यात हे सर्वमान्य आहे. कचेरीतही ते तितकेच खरे आहे.

या 'पाना'चा आधुनिक अवतार म्हणजे विकी. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणक-अभियंत्याने २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी खुली केली. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या 'विकी विकी' नावाच्या बसवरून त्याने हे नाव घेतले. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे जलद. कल्पना साधी होती. पान एकच, आणि ते वाचणाऱ्या प्रत्येकाला ते सुधारता यावे. पुढे या पानांना त्यांचा इतिहासही जोडला गेला: आधीचा पाठ कोणता, तो कोणी बदलला, केव्हा बदलला. एका अर्थाने ही पाठभेदांसह सिद्ध होत जाणारी चिकित्सक आवृत्तीच होय. फरक इतकाच, की येथे संपादन आणि लेखन एकाच वेळी चालते. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने ही पद्धत सर्वतोमुखी केली, आणि पुढील काही वर्षांत ती अनेक कचेऱ्यांत शिरली. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्याच्या संपादकांनी आपसांत विचारविनिमय करण्याच्या पानाला जे नाव दिले, ते मराठी मनातून सहज उमटलेले आहे: 'चावडी'. चर्चा चावडीवर, लेख त्याच्या पानावर. हा विवेक त्या रचनेत आरंभापासून आहे.

परंतु भारतीय कचेरीला हे सारे नवे वाटायला नको होते. तिच्याकडे 'नस्ती' होती. सरकारी नस्तीचे दोन भाग असतात: एक पत्रव्यवहाराचा, दुसरा टिपणीचा. बाहेरून आलेली आणि बाहेर गेलेली पत्रे पहिल्या भागात लागतात. त्यांच्यावर काय विचार झाला तो दुसऱ्या भागात. टिपणीचे परिच्छेद क्रमांकाने चढत जातात. कार्यासनावरचा सहायक पूर्वपीठिका मांडतो, नियम सांगतो, संदर्भाच्या पानांना पताका लावतो. कक्ष अधिकारी त्याखाली आपले मत देतो. त्यावरचा अधिकारी सहमत होतो, किंवा 'चर्चा करावी' असे दोन शब्द लिहून नस्ती परत पाठवतो. प्रत्येकाच्या मताखाली सही आणि दिनांक. ज्याचे मत मानले गेले नाही, त्याचेही मत तेथेच राहते. पत्र आणि विचार यांना एकाच दोरीत बांधूनही वेगळे ठेवणारी ही रचना ज्यांनी घडवली, त्यांना लेखनप्रकारांतला भेद नीट उमगलेला होता असे म्हणावे लागते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने घडवलेल्या 'ई-ऑफिस' या प्रणालीतही हे द्विदल स्वरूप जपले आहे. कागदी टिपणीच्या हिरव्या पानांचा रंगसुद्धा पडद्यावर उतरला आहे.

नस्तीचे दोष कोणी नाकारणार नाही. ती एका वेळी एकाच टेबलावर असते, आणि 'नस्ती साहेबांकडे आहे' या एका वाक्यावर सामान्य माणसाची वर्षे खर्ची पडलेली आहेत. ती कुलपात असते. तिच्यातला विचार सामाईक असला तरी सार्वजनिक नसतो. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ साली आला तेव्हा वादाचा एक मोठा मुद्दा हाच होता, की नागरिकाला केवळ निर्णय दाखवावा की निर्णयामागील टिपण्याही दाखवाव्यात. टिपण्या वगळण्याची दुरुस्ती २००६ साली पुढे आली, तिच्याविरुद्ध अण्णा हजारे यांनी आळंदी येथे उपोषण केले, आणि ती दुरुस्ती बारगळली. टिपणीच्या चार ओळींसाठी एवढे रण माजावे याचे कारण उघड आहे. निर्णयापर्यंत पोहोचण्याचा रस्ता त्या ओळींत असतो. तोच विचार उद्या खाजगी निरोपांतून होऊ लागला, तर नस्ती उघडूनही तिच्यात फक्त निकालपत्र सापडेल.

कंपन्यांच्या जगात या बदलाचा सर्वांत धाडसी संकल्प फ्रान्समध्ये झाला. आटोस या माहिती-तंत्रज्ञान कंपनीचे प्रमुख तिएरी ब्रेताँ यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर केले, की तीन वर्षांत कंपनीच्या अंतर्गत व्यवहारातून ई-मेल पूर्णपणे हद्दपार केली जाईल. हे गृहस्थ त्यापूर्वी, २००५ ते २००७ या काळात, फ्रान्सचे अर्थमंत्री होते. आणि त्याहीआधी, १९८४ साली, त्यांनी दनी बेनेश यांच्या सहकार्याने एक कादंबरी लिहिली होती. सोव्हिएत संघाला विकलेल्या संगणकात आज्ञावलीच्या रूपाने लपवलेला घातपात, हा तिचा विषय. निरुपद्रवी दिसणारी आज्ञावली एखाद्या व्यवस्थेला आतून कशी पोखरते याची कल्पना करणाऱ्या लेखकाला ई-मेलकडेही त्याच नजरेने पाहता आले असावे. कंपनीने मांडलेला हिशेब असा होता: कर्मचाऱ्याला दिवसाला सरासरी २०० निरोप येतात आणि त्यांतले शेकडा १० उपयोगी असतात. २०११ च्या अखेरीस कंपनीत सुमारे ७४ हजार माणसे होती. त्यांच्यासाठी सामाईक लेखनाची साधने उभी करण्यात आली, आणि त्याकरिता ब्लूकिवी ही सामाजिक आज्ञावली बनवणारी फ्रेंच कंपनीच २०१२ साली विकत घेतली गेली.

पुढे अंतर्गत ई-मेल निम्म्याहून अधिक घटली. शून्यावर मात्र ती आली नाही. याला अपयश म्हणणे सोपे आहे. पण शून्याचा आकडा हाच त्या संकल्पातला कच्चा दुवा होता. ज्या गोष्टी पानावर जायला हव्यात त्या पानावर गेल्या, की उरणारी पत्रे ही खरोखरीची पत्रे असतात. कोणाच्या आजारपणाची रजा, कोणाच्या वेतनाची तक्रार, चुकलेल्या तरुण सहकाऱ्याला इतरांना न कळू देता दिलेली समज, वरिष्ठाच्या वागणुकीविषयी कापऱ्या हाताने लिहिलेला मजकूर: हे सारे कोणत्या पानावर लिहायचे? पत्राच्या प्रकारात एक माया आहे, आणि तिला दोनच माणसांची जागा लागते. ती जागाच काढून घेतली, तर कचेरी पारदर्शक होईलही. पण ती माणसांना राहण्याजोगी उरणार नाही.

दरम्यान सामाजिक आज्ञावलीची आणखी एक तऱ्हा पुढे आली आणि तिने पानापेक्षा गप्पांचा रस्ता धरला. 'ग्लिच' नावाचा एक खेळ बनवणाऱ्या चमूने आपसांतल्या बोलण्यासाठी एक साधन तयार केले होते. खेळ २०१२ साली बंद पडला. साधन टिकले आणि 'स्लॅक' या नावाने २०१४ साली सर्वांसाठी खुले झाले. सर्व संभाषणाची आणि ज्ञानाची शोधता येण्याजोगी नोंद, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे त्या नावात आहेत. २०२१ साली सेल्सफोर्स या कंपनीने ते सुमारे २,७७० कोटी डॉलरना विकत घेतले. ई-मेलची गर्दी त्याने हलकी केली हे खरे. पण संभाषण आणि ज्ञान यांना त्याच्या नावाने जितक्या सहजतेने एकत्र आणले, तितक्या सहजतेने ती दोन प्रत्यक्षात एक होत नाहीत. संभाषण वाहते. सकाळी ठरलेली गोष्ट दुपारच्या थट्टामस्करीखाली बुडते, आणि ती शोधायची तर नेमका कोणता शब्द वापरला होता ते आठवावे लागते. सप्टेंबर २०२२ पासून तर विनामूल्य वापरणाऱ्यांना मागील ९० दिवसांपलीकडचे बोलणे दिसेनासे झाले. स्मरणालाही भाडे पडू लागले.

भारतीय कचेऱ्यांत हेच काम व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांनी केले. आदेश, शुभेच्छा, बैठकीची वेळ आणि कोणाच्या निधनाची वार्ता एकाच रांगेत येऊ लागली, आणि ती रात्री साडेदहालाही येऊ लागली. पत्र उद्यापर्यंत थांबत असे. गटातला निरोप वाचल्याची खूण उमटवून उत्तराची वाट पाहत बसतो. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आणला. तशाच हक्कासाठी सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खाजगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. ई-मेलचे ओझे उतरवण्याच्या नादात कचेरी माणसाच्या खिशात जाऊन बसली, ही या बदलाची दुसरी बाजू आहे.

'चावडी' या शब्दाचाही येथे थोडा विचार करायला हवा. तो उबदार शब्द आहे, म्हणूनच तो सावधपणे वापरावा. गावाच्या चावडीवर सारे गाव जमे असे म्हणण्याची रीत आहे. पण त्या साऱ्या गावात कोण पायरीवर बसे, कोण खाली उभा राही आणि कोणाला हाकेच्या अंतरावरच थांबावे लागे, हे दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला विसरू दिलेले नाही. सामाईक जागा आपोआप समान होत नसते. कचेरीच्या नव्या चावडीवरही वरिष्ठाने एक ओळ लिहिली, की तिच्याखाली संमतीच्या अंगठ्यांची रांग लागते. आणि ज्याला शंका आहे तो, सर्व पाहत आहेत म्हणून, गप्प बसतो. पत्रात त्याने ती शंका कदाचित मांडली असती. सर्वांसमोर लिहिण्याचे बळ साधनातून येत नाही. असहमतीची टिपणी लिहिणाऱ्याला नंतर काही सोसावे लागत नाही, असा अनुभव ज्या कचेरीत येतो, तेथेच ते बळ येते. नस्तीत सहायकाचे मत साहेबाच्या मताआधी लिहिले जाते, या जुन्या प्रघातात या दृष्टीने बराच शहाणपणा होता.

शिवकालीन राज्यव्यवहारात पत्रे लिहिणारा चिटणीस निराळा होता, ती पत्रे तपासणारा सुरनीस निराळा, आणि दरबारातल्या घडामोडींची नोंद ठेवणारा वाकनीस निराळा. एकाच दरबारातले हे तीन लेखनव्यापार तीन हातांत होते, कारण ते तीन वेगळे प्रकार आहेत याची जाण होती. ई-मेलने हे तिन्ही अधिकार प्रत्येक कर्मचाऱ्याच्या गळ्यात घातले, आणि व्हायचे तेच झाले: प्रत्येक जण चिटणीस झाला, आणि वाकनीस कोणीच उरला नाही. नवी साधने आणूनही जेथे निराशा पदरी आली, तेथे हेच घडले असावे. विकीची पाने कोणी निगा राखली नाही तर वर्षभरात शिळी होतात. जुना नियम आणि नवा नियम शेजारी-शेजारी नांदू लागतात, आणि वाचक पुन्हा ओळखीच्या माणसाला ई-मेल करून खात्री करून घेतो. झालेले बोलणे वाचून त्यातला निर्णय पानावर उतरवणे, कालबाह्य मजकूर काढणे, नाकारलेला पर्याय कारणासह नोंदवणे, हे काम आज्ञावली करीत नाही. ते संपादकाचे काम आहे. कचेरीने ज्या दिवशी त्या कामाला वेळ दिला आणि मान दिला, त्या दिवसापासून तिथली ई-मेल कोणी फतवा न काढताही उतरू लागते.

निरोप समारंभाच्या आदल्या आठवड्यात निवृत्त होणारा माणूस आपले कपाट आवरतो. कपाटात नस्त्या असतात. त्यांच्या कडा झिजलेल्या, दोऱ्या सैल झालेल्या. त्यांतली एखादी तो उघडतो आणि तीस वर्षांपूर्वीच्या टिपणीत आपलेच तरुण, किंचित उद्धट अक्षर त्याला दिसते. त्याखाली तेव्हाच्या साहेबांनी लाल शाईत लिहिलेले असते, की मुद्दा रास्त आहे, पण भाषा सौम्य असावी. साहेब केव्हाच गेलेले आहेत. ती ओळ मात्र राहिली आहे, आणि तिच्यामुळे ती अट तेव्हा का बदलली हेही राहिले आहे. तो नस्ती मिटतो, दोरी नीट बांधतो आणि सोमवारी येणाऱ्या माणसाच्या हाताला लागेल अशा खणात ठेवतो. मग संगणकापुढे बसतो. तेथे गेल्या बारा वर्षांचे हजारो निरोप असतात. त्यांतले कोणते कोणासाठी आणि कोठे ठेवायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि हाताशी उरलेले दिवस चारच असतात.